दादाची सॅक नको रे बाबा!

दिवाळीची सुट्टी लागली, की आपल्या नाशिकच्या मुलांच्या पायांना भिंगरीच लागते. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर हे किल्ले एका दिवसात होतात. त्यासाठी शाळेचं दप्तर रिकामं करून पाठीवर टाकलं तरी भागतं. पण साल्हेर-मुल्हेर करायचं तर दोन-तीन दिवस हवेत. मग कपडे, पांघरूण, शिधा, पाणी, सगळी बिऱ्हाडं पाठीवर!

साल्हेर आपल्या बागलाण तालुक्यातला. उंची १५६७ मीटर, म्हणजे राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली मराठ्यांनी इथे मोगलांना उघड्या मैदानावर हरवलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यांतही तो आहे.

मी आठवीत असताना पहिल्यांदा साल्हेरला गेलो, तो दादाची ६० लिटरची सॅक घेऊन. "मोठी आहे, सगळं मावेल," आई म्हणाली. आणि खरंच सगळं मावलं! दोन स्वेटर, जाड चादर, शिवाय बाहेरच्या कप्प्यात लाडवांचा स्टीलचा डबा. कमरेचा पट्टा मात्र कमरेवर न बसता मांड्यांवर लोंबत होता. कातळात कोरलेल्या पायऱ्या आल्या. मी पाऊल उचललं आणि सॅकने मला चक्क मागे ओढलं! मागून येणाऱ्या मामाने धरलं, म्हणून बरं. नाहीतर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. सॅक सामानाच्या मापाची नव्हे, आपल्या पाठीच्या मापाची घ्यायची.

हे माप घरीच घेता येतं. मान खाली वाकवा. मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, ते चाचपा. आता दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा. मानेच्या हाडापासून त्या हातांच्या रेषेपर्यंत आईला पाठीवरून टेप लावायला सांगा. ही झाली तुमच्या पाठीची लांबी. सॅक लहान, मध्यम की मोठी, हे त्यावरून ठरवायचं. तुमची उंची किती, यावरून नाही.

दुसरी गोष्ट कमरेच्या पट्ट्याची. तो कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. सॅकचं बरंचसं वजन कमरेवरून पायांवर जायला हवं. खांद्यांचं काम फक्त तोल सांभाळायचं! दुकानात रिकामी सॅक लावून आरशात बघू नका, बरं का. ती सगळ्यांनाच छान दिसते. दुकानदारकाकांना विनंती करून तीत चार-पाच किलो वजन भरा, पट्टे आवळा आणि जिना चढून-उतरून बघा. पट्टा घसरला किंवा खांदे दुखू लागले, तर ती सॅक तुमची नाही.

आता थोडं गणित. शाळेचं दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, असं २०२० च्या सरकारी धोरणात म्हटलं आहे. ट्रेकला फार तर १५ टक्के धरा. तुमचं वजन ४० किलो असेल तर ओझं झालं ६ किलो. त्यात दोन लिटर पाणी म्हणजे २ किलो. रिकामी सॅकच दीड किलोची. उरले किती? फक्त अडीच किलो! म्हणून हलकी, ३० ते ४० लिटरची सॅक तुम्हाला पुरे. भांडी आणि शिधा मोठ्यांनी वाटून घ्यावा. सॅक मोठी असली, की रिकामी जागा बघवत नाही आणि नको ते सामान आत शिरतं.

भरायचीही रीत आहे. पांघरूण तळाशी. पाणी, डबा अशा जड वस्तू मधोमध, पाठीला चिकटून. हलके कपडे बाहेरच्या बाजूला. टॉर्च आणि रेनकोट सर्वांत वर. आधी आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, म्हणजे पावसात कपडे कोरडे राहतील.

मामाने त्या पायरीखाली बसून माझी सॅक अशीच पुन्हा भरली होती. डबा आत, पाठीशी गेला. चादर त्याने स्वतःच्या सॅकमध्ये घेतली. आणि लाडू? वजन कमी करायचं म्हणून आम्ही तिथेच चार-चार खाऊन टाकले!