अर्ज, मुलाखत आणि पोच

नोकरी शोधणाऱ्या माणसाला आपण मराठीत उमेदवार म्हणतो. शब्द फारसी आहे आणि त्याचा अर्थ उमेद धरून असलेला, आशेवर बसलेला, एवढाच. निवडणुकांच्या धामधुमीत हा मूळ अर्थ आपल्या विस्मरणात गेला आहे. परंतु आपल्या पणजोबांच्या काळी ‘अमक्यांचा मुलगा मामलेदार कचेरीत उमेदवारी करतो’ असे कोणी म्हटले, की त्याचा अर्थ ठरलेला असे. मुलगा रोज सकाळी कचेरीत जाऊन बसे, कारकुनाच्या हाताखाली नकला उतरून काढी, पगार म्हणून पैही घेत नसे, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहत असे. महिने जात, कधी वर्षेही जात. ‘अर्ज’ हा शब्दही मुळात तोंडी विनंतीचा, आणि ‘मुलाखत’ म्हणजे निव्वळ भेट. नोकरीविषयीचे आपले सारे शब्द असे समोरासमोरच्या व्यवहारातून आलेले आहेत.

आजचा उमेदवार कचेरीत जाऊन बसत नाही. तो रात्री जेवणे आटोपल्यावर मोबाइल घेऊन बसतो आणि अर्ध्या तासात दहा ठिकाणी अर्ज धाडतो. माझ्या सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझा मुक्काम सध्या म्हैसूरला आहे. येथे संगणक उद्योगाच्या मोठ्या प्रशिक्षण केंद्रामुळे महाराष्ट्रातली पुष्कळ मुले-मुली येतात. काही टिकतात, काहींना दुसरी वाट शोधावी लागते. सुटीच्या दिवशी त्यांतले कोणी घरी आले, की चहा होता होताच प्रश्न येतो : “काका, नुसते ऑनलाइन अर्ज करत राहू, की प्रत्यक्ष जाऊन भेटू?” या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्याच्या पोटात दोन निराळे प्रश्न आहेत. दार कोणाला उघडे आहे, हा पहिला. आणि दारामागे अर्ज वाचणारा कोणी आहे का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचा इतिहास म्हैसुरात चांगला पाहावयास मिळतो. जुन्या म्हैसूर संस्थानात वरच्या जागांवर मद्रास इलाख्यातून आलेल्या अधिकाऱ्यांचा मोठा भरणा असे. त्यांत आपलीही माणसे होती. १९०६ ते १९०९ ह्या काळातील दिवाण व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यानंतर १९१२ पर्यंत दिवाण असलेले टी. आनंदराव हे दोघेही तंजावरकडील मराठी घराण्यांतले. ही माणसे कर्तबगार होती ह्यात शंका नाही. परंतु ‘म्हैसूर म्हैसूरकरांसाठी’ अशी मागणी त्या काळी उठली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, अधिक खोल तक्रार आली : सरकारी नोकऱ्या शिकलेल्या एकाच जातीच्या हाती एकवटल्या आहेत. १९१८ साली कृष्णराज वाडियार महाराजांनी सर लेस्ली मिलर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या व खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश जागा इतर समाजांना मिळाव्यात, अशी शिफारस त्या समितीने केली. ज्या व्यवस्थेत नोकरी भेटीतून, ओळखीतून आणि आप्तांच्या आप्तांतून मिळते, तिच्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतानाही दार ठरावीक घरांनाच उघडे राहते. ‘वशिला’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ साधन एवढाच. तो शब्द बदनाम व्हायला ही वहिवाट कारण झाली.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हे दार रुंद करण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा केला. १९५९ साली रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयांना कळविणे मालकांवर बंधनकारक झाले. गंमत अशी, की कळविणे बंधनकारक होते, त्यांनी पाठविलेला माणूस घेणे नव्हे. तो कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. मध्यंतरी, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवून भागणार नाही. वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन इतर पात्र उमेदवारांनाही संधी दिली पाहिजे. २०१५ साली केंद्र सरकारचे राष्ट्रीय रोजगार पोर्टल सुरू झाले. आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने आपल्या ‘क’ व ‘ड’ गटांतील आणि ‘ब’ गटातील अराजपत्रित जागांसाठी मुलाखतच बंद केली. ह्या शेवटच्या निर्णयाचे महत्त्व शहरातील सुखवस्तू घरांत फारसे जाणवले नाही. परंतु ज्या खेड्यातल्या बापाने ‘मुलाखतीचा कागद आला’ म्हटल्यावर आनंदाऐवजी ‘आता किती लागतील’ ह्याची चिंता केली असेल, त्याला विचारावे. अशा जागांसाठी साहेबांना जाऊन भेटण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो ऐकू नये. तेथे अर्ज आणि परीक्षा हीच वाट आहे, आणि ती तशीच असावी.

आता दुसरा प्रश्न. दार सर्वांना उघडे झाले, की दाराशी गर्दी होते. २०१८ साली रेल्वेने सुमारे ९०,००० जागांसाठी अर्ज मागविले, तेव्हा दोन कोटींहून अधिक अर्ज आले. खासगी कंपन्यांत एवढी संख्या नसते, पण प्रमाण तसेच विषम असते. मग हे अर्ज वाचतो कोण? बऱ्याच मोठ्या कंपन्यांत पहिली चाळण संगणकाची असते. जाहिरातीत ज्या कौशल्यांची, पदव्यांची व अनुभवाची मागणी असेल, ते शब्द अर्जात आहेत का, हे ते यंत्र पाहते. चौकटी, चित्रे आणि रंगीत पट्ट्यांनी सजवलेला अर्ज माणसाला मोहक वाटतो. यंत्राला तो कित्येकदा धड वाचताही येत नाही. म्हणून साधी मांडणी ठेवावी, आणि जाहिरातीत कामाला जो शब्द वापरला असेल, तोच आपल्या अर्जात वापरावा; अर्थात ते काम आपल्याला येत असेल तरच. एकच अर्ज शंभर ठिकाणी धाडण्याला मी अर्ज म्हणत नाही. ती पत्रके वाटणे झाले.

भेटीलाही गर्दीचा हा नियम चुकत नाही, हे १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कलिन्याला दिसले. विमानतळावरील सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. सुमारे दोन हजार जागा, आणि आलेल्या तरुणांची गर्दी अशी, की चेंगराचेंगरीची भीती निर्माण झाली. शेवटी अर्ज ठेवून घेऊन लोकांना परत जायला सांगावे लागले. म्हणजे रात्रभर प्रवास करून, रांगेत उभे राहून, त्या मुलांनी जे केले ते घरबसल्या होण्याजोगे होते. जाहीर मुलाखतीचा मेळा आणि प्रत्यक्ष भेट ह्या दोन गोष्टी आपण एक समजू नयेत.

ह्या सगळ्याचा विचार करताना मला दक्षिणेतीलच एक जुने उदाहरण आठवते. गणिती श्रीनिवास रामानुजन १९१० मध्ये नोकरीच्या शोधात होते. पदवी नव्हती. ते आपल्या वह्या घेऊन तिरुक्कोयिलूरला डेप्युटी कलेक्टर असलेल्या व्ही. रामस्वामी अय्यरांकडे गेले. अय्यर हे भारतीय गणित परिषदेचे संस्थापक. त्यांनी वह्या चाळल्या आणि ह्या माणसाला महसूल खात्यातल्या कारकुनीत अडकवणे योग्य नाही असे त्यांना वाटले; त्यांनी ओळखीची पत्रे देऊन त्याला मद्रासला पाठविले. पुढे नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव ह्यांनी काही काळ त्यांचा खर्च चालवला. येथपर्यंत सारे काम भेटीने झाले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमधील महिना ३० रुपयांची कारकुनी मात्र त्यांना रीतसर लेखी अर्जाने मिळाली. आणि जानेवारी १९१३ मध्ये केम्ब्रिजच्या हार्डींना त्यांनी जे पत्र धाडले, ते तर समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसाला. त्यापूर्वी इंग्लंडातीलच दोन नामवंत गणितज्ञांकडून त्यांना काही लाभ झाला नव्हता. हार्डींनी मात्र ते कागद नीट वाचले, सहकारी लिटलवुडांना दाखवले, आणि उत्तर लिहिले. भेट आणि पत्र दोन्ही वाटांनी रामानुजनांचे काम झाले. दोन्ही ठिकाणी पलीकडे वाचणारा माणूस होता, आणि त्याला त्या विषयातले कळत होते.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर ह्यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावी नोकरदारांचा अभ्यास केला आणि १९७३ साली आपला निष्कर्ष मांडला. ओळखीतून ज्यांना नोकरी मिळाली, त्यांतल्या दर सहांपैकी जेमतेम एकाला ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना जुना सहाध्यायी, पूर्वीच्या कचेरीतला सहकारी, असा कधीमधी भेटणारा माणूस उपयोगी पडला. कारण उघड आहे : आपल्या घरच्यांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ऑनलाइन ओळखींवरचा असाच एक मोठा अभ्यास आला. दोन कोटी माणसांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून त्यानेही, काही मर्यादा घालून, हेच सांगितले. हा वशिला नव्हे. वशिल्यात ओळखीचा माणूस निर्णय फिरवतो. येथे तो फक्त जागा आहे एवढी बातमी देतो.

भेटीचे एक काम असे आहे, की ते कोणत्याही पडद्याला साधत नाही. नोकरी देणारा खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे दारात जाऊनच कळते. थायलंडमध्ये संगणकावरील चांगल्या पगाराच्या कामाच्या जाहिराती पाहून गेलेली आपली मुले म्यानमारच्या सीमेवर फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडली गेली. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता. तरी मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमाने पाठवून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. ही मुले अडाणी नव्हती. इंग्रजी आणि संगणक येत होता म्हणूनच ती हेरली गेली. परदेशातली जागा असेल तर मध्यस्थाची सरकारी नोंदणी आहे का ते पाहावे. नोकरीसाठी आधी ‘अनामत’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

तरुणांच्या तोंडून मी जी तक्रार सर्वांत अधिक ऐकतो ती नकाराची नाही. उत्तर न येण्याची आहे. सरकारी कचेरीवर लोकांचे शंभर आक्षेप असतील, आणि त्यांतले नव्वद खरेही असतील. पण आवक-जावक नावाची वही आमच्याकडे आहे. आलेल्या कागदाला क्रमांक पडतो, पोच मिळते, आणि त्या क्रमांकाच्या आधारे माणूस पुन्हा विचारू शकतो. ऑनलाइन अर्जालाही क्रमांक मिळतो, परंतु त्या क्रमांकाला जबाब देणारा कोणी नसला तर तो निव्वळ आकडा. ‘तुमची निवड झाली नाही’ एवढे एक वाक्य आपोआप धाडणे यंत्राला मुळीच कठीण नाही. ते न धाडणे ही काटकसर नव्हे, बेपर्वाई आहे. त्या एका वाक्यावाचून मुलगा दुसरीकडचे काम लांबणीवर टाकतो, आई रोज विचारते, आणि घरात बोलणे कमी होते.

तेव्हा म्हैसुरातल्या मुलांना मी जे सांगतो ते असे. येथे केंद्र सरकारच्या संस्था पुष्कळ आहेत. अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून, भारतीय भाषा संस्था १९६९ पासून. अशा ठिकाणच्या कायम जागा जाहिरातीनेच भरतात. तेथे अर्ज वेळेत आणि बिनचूक भरावा. पण संशोधन प्रकल्पांवरील तात्पुरत्या जागांसाठी अशा संस्था कित्येकदा थेट मुलाखत ठेवतात, तिकडे अवश्य जावे. हेब्बाळ किंवा नंजनगूडच्या औद्योगिक वसाहतीतले लहान कारखाने, शहरातली उपाहारगृहे, छापखाने, दवाखाने, ह्यांतल्या अनेकांच्या जागा कोणत्याही पोर्टलवर येत नाहीत. मालकाला माणूस हवा असतो, जाहिरात लिहायला वेळ नसतो. तेथे अकराच्या सुमारास, एका पानाचा अर्ज घेऊन जावे. कानडीची चार वाक्ये येत असावीत, मोडकीतोडकी चालतील. मालक भेटला नाही तर कोणाला भेटायचे त्याचे नाव विचारून घ्यावे, आणि आठवड्याने पुन्हा एकदा जावे. तिसऱ्यांदा जाऊ नये.

आणि आणखी एक. अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत मुले घाईने दुकानदाराचाच फोन आणि ईमेल पत्ता लिहून मोकळी होतात. मग मुलाखतीचा निरोप त्या दुकानदाराच्या मोबाइलवर पडून राहतो. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरीही येणाऱ्याची नोंद वहीत करून घेतो. दोन्ही ठिकाणी क्रमांक आपलाच द्यावा, आणि सही करण्यापूर्वी तो एकदा पुन्हा वाचून पाहावा.