चित्ता केनियाचा, माळ कोल्हापूरचा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवली जात असे. देशी चित्ता तोवर जवळजवळ संपत आला होता, म्हणून चित्ते आफ्रिकेतून, केनियातून, बोटीने मागवावे लागत. १९१८ ते १९४५ या काळात भारतीय संस्थानिकांनी असे सुमारे दोनशे चित्ते आणवले आणि त्यांत भावनगर व कोल्हापूर ही नावे आघाडीवर होती. डोळ्यांवर पट्टी चढवलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर कळपाच्या जवळ नेत. बैलगाडी रोजच्या पाहण्यातली असल्यामुळे काळविटे तिला फारशी बुजत नसत. टप्प्यात आली की पट्टी काढायची. धाव काही क्षणांतच संपायची आणि मग पळीतून शिकारीचे रक्त पुढे करून चित्त्याला तिच्यावरून उठवायचे. मात्र हा प्राणी पिंजऱ्यात सहसा वीत नसे. जहांगीरच्या पदरच्या चित्त्याला पिल्ले झाली, तेव्हा बादशहाने त्याची मुद्दाम नोंद केली, इतकी ती गोष्ट दुर्मीळ. शिवाय शिकारीत तयार झालेला चित्ता रानातूनच धरावा लागे. त्यामुळे एक मेला की दुसरा मागवा, असे चालू राहिले, आणि संस्थाने विलीन झाल्यावर ते थांबले. काळविटांचे माळही पुढे उसाखाली आणि वसाहतींखाली गेले. जनावर आणता आले, पण त्याला लागणारी जमीन राखली नाही, तर मागे काय उरते हे कोल्हापूरने पाहिले आहे. गंमत पाहायला गेलेल्या पर्यटकाला केनियाही हेच सांगतो, फक्त ते ऐकायला उद्यानाच्या फाटकाबाहेर यावे लागते.

केनियाची राष्ट्रीय उद्याने खरोखर भव्य आहेत. नैरोबीचे उद्यान १९४६ मध्ये झाले आणि त्सावोचे १९४८ मध्ये. त्सावोचे पूर्व आणि पश्चिम भाग मिळून क्षेत्र कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळपास तिप्पट भरते. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर सरसकट बंदी घातली. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांनी जप्त केलेले बारा टन हस्तिदंत जाळून साऱ्या जगाचे लक्ष वेधले. हत्ती आणि काळे गेंडे सावरले, ही त्या देशाची मोठी कमाई आहे. तरीही १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या मोठ्या वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याचे उत्तर नकाशात आहे. केनियातले बहुसंख्य वन्यजीव उद्यानांच्या हद्दीबाहेर, पशुपालकांच्या जमिनींवर राहतात. चित्त्याचे तर विशेषच. सिंह आणि तरस त्याची शिकार हिसकावतात, पिल्ले मारतात. म्हणून त्याला विरळ आणि अफाट मुलूख लागतो. जगात आज चित्ता जिथे उरला आहे, त्यातला तीन चतुर्थांशांहून अधिक प्रदेश संरक्षित क्षेत्रांबाहेर आहे. त्या मोकळ्या जमिनीवर कुंपणे आली, गुरे वाढली, तुकडे पडले, आणि आतली उद्याने एकाकी होत गेली.

नैरोबी उद्यानाइतके हे कुठेच स्पष्ट दिसत नाही. जेमतेम ११७ चौरस किलोमीटरचे हे रान राजधानीला लागून आहे. शहराच्या बाजूने कुंपण आहे, दक्षिणेची बाजू खुली आहे. पावसाळ्यात वाइल्डबीस्ट आणि झेब्रे त्या बाजूने कितेंगेलाच्या गवताळ मैदानांकडे जात आणि कोरड्या दिवसांत परतत. ही मैदाने मसाई समाजाची सामाईक जमीन होती. तिची वाटणी झाली, वाटण्या विकल्या गेल्या, घरे उठली आणि जनावरांची ये-जा आटत गेली. ती तगवण्यासाठी २००० सालापासून एक साधा करार सुरू झाला. जमीन विकू नका, कुंपण घालू नका. एकरी वर्षाला चार डॉलर घ्या. मसाई मारा राखीव क्षेत्राभोवतीही मसाई कुटुंबे आपली जमीन भाड्याने देतात आणि तिथली चराई ठरवून होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. केनियाच्या संवर्धनाची सुरुवातच माणसे हुसकावून झाली. इंग्रजांनी १९०४ आणि १९११ च्या करारांनी मसाईंची उत्तम कुरणे काढून घेतली. मग त्या संवर्धनाचे कौतुक कशाला? कौतुक त्या भागाचे नाहीच. लोकांना बाहेर काढून आखलेली सीमा शेजाऱ्यांत वैर पेरते, आणि हे समजायला आपल्याला आफ्रिकेत जावे लागत नाही. चांदोली अभयारण्याच्या विस्थापितांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. केनियाकडून घ्यायचे ते त्याने उशिरा शिकलेले: जमीन मालकाचीच राहू द्या आणि ती मोकळी ठेवल्याचा मोबदला त्याला द्या.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मसाईंची मैदाने कुठे आणि आपली गुंठ्यांची शेती कुठे? पण कोल्हापुरात सबंध तालुके मोकळे ठेवायचे नाहीत. दाजीपूर हे १९५८ चे, महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य; तेच वाढून ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी झाले. उत्तरेला चांदोली आणि कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. प्रश्न आहे तो या दोहोंमधल्या, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीच्या चिंचोळ्या पट्ट्याचा. एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात टिपलेला वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत दिसला. म्हणजे वाट अजून जिवंत आहे. शासनाने या भागात विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा अशी संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर केली, हे चांगलेच झाले. मात्र वनखात्याच्या जमिनीच्या मधोमध मालकीची राने आहेत, आणि त्यांच्या मालकाला झाडे तोडून जमीन विकण्यात जितके मिळते, तितके राखण्यात मिळत नाही. गवा पिकात शिरला की पंचनामा होतो, भरपाई उशिरा येते. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट कोल्हापूर शहरात आला तेव्हा सगळे घाबरले. सीमेवरची गावे तीच भीती बारमाही सोसतात. भरपाई ही नुकसान झाल्यावरची गोष्ट. रान राखल्याचे पैसे त्याआधी, दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात खात्यावर जमा व्हायला हवेत.

पैसा पर्यटनातून येईल असे सहज म्हटले जाते. केनियाने त्यातला धोका २०२० मध्ये अनुभवला. विमाने थांबली आणि जमिनींचे भाडे अडचणीत आले. कोल्हापूरकडे याहून भरवशाचा आधार आहे: पाणी. राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी या धरणांचे पाणलोट याच डोंगररानांत आहेत. भोगावती-दूधगंगेच्या पाण्यावर जिल्ह्याचा ऊस उभा आहे, आणि काळम्मावाडीचे पाणी आता थेट नळाने शहरात येते. तेव्हा साखर कारखान्यांनी गाळपाच्या प्रमाणात आणि महापालिकेने पाणीपट्टीतून थोडा वाटा या पट्ट्यातल्या रानमालकांसाठी काढावा, असे मला ठामपणे वाटते. ऊस उत्पादकाच्या बिलातून ही कपात होऊ नये. आधीच त्याच्यावर पुष्कळ कपातींचा बोजा आहे. ती कारखान्याच्या नफ्यातून व्हावी. आणि सुरुवात सगळ्या घाटमाथ्यावर एकदम न करता, वाघ जिथून चालत गेला त्या गावांच्या मालकी रानांपासून करावी.