सुजलेल्या जागी हात का लावू देत नाहीत?

पायाची जखम सुजली की नुसती चादर लागली तरी माणूस कळवळतो. घरचे म्हणतात, "एवढं काय झालंय?" नर्स म्हणून सांगते, ते नाटक नसतं.

सूज येते तेव्हा तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सोडतात. त्यांनी नसांची टोकं हळवी होतात. एरवी जोराचा मार बसल्यावरच मेंदूला वर्दी देणारी नस आता हलक्या स्पर्शालाही वर्दी देते. दुखरा भाग आपण जपावा, म्हणून शरीराने केलेली ही सोय. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ही रसायनं कमी करतात, म्हणून आराम पडतो. पण सुजेचं मूळ कारण तसंच राहतं. दुकानातून आणून महिनोन्‌महिने त्या खाल्ल्या, तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

मधुमेहात मात्र वरून सूज नसतानाही नसाच बिघडतात. बाबासाहेबांनी हे सोसलं. १९४८च्या सुरुवातीला पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र-रात्र झोप नव्हती. गिरगावात डॉ. मालवणकरांकडे त्यांचे उपचार चालत. काहींचे पाय उलट बधिर होतात, जखम झालेली कळतही नाही.

म्हणून साखर असलेल्यांनी रोज रात्री तळपाय बघावेत. मुंग्या, जळजळ किंवा न भरणारी जखम असेल, तर परळच्या केईएममध्ये किंवा जवळच्या पालिका दवाखान्यात दाखवा. दुखणं अंगावर काढू नका, आणि दुसऱ्याच्या दुखण्याला नाटक म्हणू नका.