घातक अपशिष्ट-स्थळांच्या शुद्धीकरणातील आधारसामग्रीची गुणवत्ता

विषारी, ज्वालाग्राही, संक्षारक अथवा तीव्र विक्रियाशील अशा टाकाऊ द्रव्यांना घातक अपशिष्टे म्हणतात. ती जमिनीत मुरलेली किंवा पुरलेली असल्यास त्या स्थळाचे शुद्धीकरण करावे लागते. कोणती माती काढावी, कोणत्या विहिरींचे पाणी बंद करावे, काम केव्हा पुरे झाले असे मानावे, हे निर्णय माती, पाणी व हवा यांच्या नमुन्यांच्या मापनांवर अवलंबून असतात. ही मापने निर्णयास पुरेशी विश्वसनीय व्हावीत म्हणून योजना, नमुना-संकलन, विश्लेषण व परीक्षण या सर्व टप्प्यांवर जी पद्धतशीर व्यवस्था ठेवतात, तिला आधारसामग्रीचे गुणवत्ता व्यवस्थापन असे म्हणतात. १९२० नंतरच्या काळात वॉल्टर शुहार्ट यांनी कारखान्यांतील उत्पादनाकरिता सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाचा पाया घातला. त्याच विचाराचा हा वेगळ्या क्षेत्रातील विस्तार होय. येथे ‘उत्पादन’ म्हणजे मापनाचा आकडा असतो आणि त्याचा ‘ग्राहक’ म्हणजे त्यावरून निर्णय घेणारा अधिकारी व त्या स्थळाजवळ राहणारा नागरिक.

लव्ह कॅनॉलचे उदाहरण : या व्यवस्थेची गरज अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनॉल वस्तीच्या प्रकरणात प्रकर्षाने दिसून आली. अर्धवट खोदून सोडलेल्या या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२–५३ या काळात सु. २१,००० टन रासायनिक अपशिष्टे पुरली होती. १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळास एक डॉलर किंमतीस देण्यात आली व पुढे तेथे शाळा आणि सभोवती घरे उभी राहिली. तळघरांत रसायने झिरपू लागल्यावर ऑगस्ट १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर होऊन कालव्यालगतची कुटुंबे हलविण्यात आली. मे १९८० मध्ये ३६ रहिवाशांच्या रक्ततपासणीत ११ जणांच्या गुणसूत्रांत विकृती आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तथापि त्याच वेळी, त्याच पद्धतीने तपासलेला तुलनागट या अभ्यासात नव्हता. त्यामुळे हे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक आहे किंवा नाही, हे सांगता येत नव्हते. रहिवाशांत घबराट पसरली व काही दिवसांतच सु. ७०० कुटुंबांच्या तात्पुरत्या स्थलांतराची घोषणा करावी लागली. तुलनागट घेऊन केलेल्या व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा लक्षणीय फरक आढळला नाही.

याच्या उलट प्रकारचा वादही तेथेच उद्‌भवला. १९८० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या भागातून हजारो नमुने घेतले आणि बाह्य वस्तीतील प्रदूषण इतर भागांहून वेगळे नाही, असा निष्कर्ष १९८२ मध्ये काढला. तुलनेसाठी घेतलेले नमुने फार थोडे आहेत आणि मापनांतील अनिश्चितता पुरेशी नोंदलेली नाही, असे आक्षेप त्यावर आले. उपलब्ध माहितीवरून वस्ती राहण्यायोग्य आहे असे ठरविता येत नाही, असे अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रविद्या मूल्यमापन कार्यालयाने १९८३ मध्ये नमूद केले. वस्तीचे काही भाग राहण्यायोग्य ठरविण्याचा निर्णय १९८८ मध्ये झाला. नमुन्यांची संख्या मोठी असली, तरी प्रश्नाचे उत्तर मिळेलच असे नाही, हा यातील बोध होय.

त्रुटींचे प्रकार : मापनातील एकूण त्रुटीचे दोन भाग पडतात. पहिला भाग नमुना घेण्यातून व दुसरा प्रयोगशाळेतील विश्लेषणातून येतो. सामान्यतः दुसऱ्या भागाकडेच लक्ष दिले जाते परंतु मातीच्या बाबतीत पहिला भाग बहुधा मोठा असतो. स्फोटक द्रव्यांनी दूषित झालेल्या एका अमेरिकी स्थळी सु. १.२ मी. व्यासाच्या वर्तुळातून सात नमुने घेण्यात आले. त्यांतील टीएनटीचे प्रमाण प्रति किग्रॅ. काही शे मिग्रॅ. पासून चाळीस हजार मिग्रॅ. च्या आसपासपर्यंत आढळले. अशा ठिकाणी एकाच नमुन्याचे कितीही सूक्ष्म विश्लेषण केले, तरी त्यावरून सभोवतालच्या जमिनीविषयी अनुमान करता येत नाही.

त्रुटी यादृच्छिक वा एकदिश असू शकते. यादृच्छिक त्रुटी नमुन्यांची संख्या वाढवून कमी करता येते मात्र सरासरीतील अनिश्चितता निम्मी करावयाची, तर नमुने चौपट घ्यावे लागतात. एकदिश त्रुटी संख्या वाढवून जात नाही. उदा., ट्रायक्लोरोएथिलिनासारखे बाष्पनशील द्रव्य बाटलीत हवेची पोकळी राहिल्यास उडून जाते व असे सर्वच नमुने वास्तविकतेपेक्षा स्वच्छ दिसतात.

नियोजनाची पद्धत : अमेरिकेत १९८० च्या कायद्याने अशा स्थळांच्या शुद्धीकरणाकरिता खास निधी उभारण्यात आला. त्यानंतरच्या दशकात आधारसामग्रीची उद्दिष्टे आधी निश्चित करण्याची पद्धत रूढ झाली. तिचे सात टप्पे असे : (१) प्रश्न मांडणे, (२) घ्यावयाचा निर्णय ठरविणे, (३) त्यास लागणारी माहिती निश्चित करणे, (४) क्षेत्र, खोली व काल यांच्या सीमा आखणे, (५) निर्णयाचा नियम लिहून ठेवणे, (६) चुकीच्या निर्णयाची किती शक्यता पत्करावयाची हे ठरविणे आणि (७) कमीत कमी खर्चात हे साधणारी नमुना-योजना आखणे.

यांतील सहावा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. दूषित जमीन स्वच्छ ठरविल्यास लोकांचे आरोग्य धोक्यात येते स्वच्छ जमीन दूषित ठरविल्यास पैसा व श्रम वाया जातात. दोन्ही चुका पूर्णपणे टाळणे कोणत्याही मापनास शक्य नाही. म्हणून जमीन दूषित आहे असे आरंभी गृहीत धरून ती स्वच्छ असल्याचे सिद्ध करण्याचा भार मापनांवर टाकण्याचा प्रघात आहे. किती धोका पत्करावयाचा हा केवळ सांख्यिकीचा प्रश्न नसल्याने तो आकडे हाती येण्यापूर्वी सर्व संबंधितांनी मिळून ठरविणे इष्ट असते नंतर ठरविल्यास सोयीचा नियम निवडला जाण्याचा संभव असतो.

क्षेत्रीय व प्रयोगशाळेतील नियंत्रण : कामाची लेखी योजना आधी मंजूर करून घेतात. शुद्ध पाण्याचा कोरा नमुना इतर नमुन्यांबरोबर नेऊन परत आणतात. त्यात प्रदूषक आढळल्यास ते वाटेत वा प्रयोगशाळेत शिरले असे समजते. ॲसिटोन व मिथिलिन क्लोराइड यांच्या बाबतीत असे वारंवार घडते. एकाच जागेच्या जोडनमुन्यांवरून परिशुद्धता, तर ज्ञात प्रमाणात प्रदूषक मिसळलेल्या नमुन्यांवरून अचूकता तपासतात. प्रत्येक नमुना कोणाच्या ताब्यात केव्हा होता याची अखंड नोंद ठेवतात. प्रदूषक ‘आढळले नाही’ असे लिहिताना उपकरणाची अभिज्ञान-सीमा देणे आवश्यक असते ती सुरक्षित मर्यादेपेक्षा वरची असेल, तर त्या शब्दांस अर्थ उरत नाही. शेवटी सर्व आधारसामग्री मूळ उद्दिष्टांशी ताडून पाहतात.

भारत : भारतात घातक अपशिष्टांविषयीचे नियम १९८९ मध्ये करण्यात आले व २०१६ मध्ये त्यांची नव्याने मांडणी झाली. प्रदूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले. १९८४ च्या वायुदुर्घटनेमुळे परिचित असलेल्या भोपाळ येथील कारखान्याच्या आवारातही अपशिष्टे टाकलेली होती. तेथील माती व भूजल यांचा अभ्यास नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेसह अनेक संस्थांनी केला. नमुन्यांच्या जागा, खोली, ऋतू व विश्लेषणपद्धती भिन्न असल्यास अशा अभ्यासांची तुलना करणे अवघड जाते. दूषित पाणी किती दूर पोहोचले हे जाणून घेण्याचा तेथील रहिवाशांचा हक्क अशा वेळी तज्ञांच्या मतभेदांत अडकून पडतो. म्हणून निरनिराळ्या संस्थांनी आरंभीच समान योजना स्वीकारणे हे नमुन्यांची संख्या वाढविण्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते.