नियम जेव्हा निवेदक होतो

संगणकावरच्या कोड्यांच्या खेळात कथा नेमकी कुठे असते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या जवळपास पन्नास वर्षांत बदलत गेले आहे. आधी ती पडद्यावरच्या मजकुरात होती, मग चित्रांत आणि संवादांत आली, पुढे चित्रफितींत. या काळात कोडे मात्र बहुतेकदा कथेच्या दारावरचा पहारेकरी होते. आधी मला सोडवा, मगच पुढचे प्रकरण, असा त्याचा खाक्या. गेल्या दीड-दोन दशकांत काही खेळांनी हे नाते उलटवले आणि कोडे सोडवणे हेच कथा समजून घेणे झाले. या वाटचालीचा मागोवा घेताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. या माध्यमाची कथनाची खरी ताकद त्यातल्या लिहिलेल्या शब्दांपेक्षा त्याच्या नियमांत आहे. कारण नियम खेळाडूला निष्कर्ष काढायला लावतो, आणि आपण स्वतः काढलेला निष्कर्ष ऐकलेल्या वाक्यापेक्षा खोल रुजतो.

सुरुवात गुहेतून झाली. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्हचे नकाशे करणाऱ्या विल क्राउदर या प्रोग्रॅमरने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात मोठी भर घातली. खेळाडू एक-दोन शब्दांच्या आज्ञा देई आणि संगणक मजकुरातून उत्तर देई. वाट अडवणाऱ्या सापाला हुसकवायचे तर पिंजऱ्यातला पक्षी सोडायचा. पण हातात काठी असेल तर तो पक्षी पकडूच देत नाही. अशा कोड्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता आणि कथा म्हणावी तर खजिना आणि गुण एवढीच होती. तरीही एका बाबतीत हा खेळ काळाच्या पुढे होता. वाट चुकू नये म्हणून खेळाडूला स्वतःच कागदावर नकाशा काढावा लागे. नकळत तो क्राउदरच्याच भूमिकेत शिरे. गुहा शोधणे म्हणजे काय, हे इथे वर्णनापेक्षा त्या गरजेने जास्त सांगितले.

पुढच्या दशकात या प्रकारातले खेळ दिसायला देखणे झाले, पण त्यांची कोडी बेभरवशाची राहिली. एखादी वस्तू उचलायची राहून गेली की तासाभरानंतर वाट कायमची बंद होई, एक चुकीचे पाऊल पडले की पात्र मरे. १९८९ मध्ये रॉन गिल्बर्टने एका लेखात या साऱ्यावर बोट ठेवले आणि कोड्याने कथा पुढे नेली पाहिजे, असे बजावले. त्याच्याच नेतृत्वाखाली १९९० मध्ये आलेल्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये तलवारबाजी जिंकायची ती हजरजबाबीपणाने. चाचे टोमणे मारतात, त्यांची चपखल उत्तरे लढता लढता शिकायची. शेवटी तलवारबाजीत निष्णात असलेली बाई पूर्णपणे वेगळे टोमणे मारते आणि जुनीच उत्तरे नव्या टोमण्यांना जुळवावी लागतात. बलदंड नसलेला, पण तल्लख असलेला नायक चाचा कसा बनतो, हे इथे नियमानेच सांगितले. तो नायक आणि त्याला चालवणारा खेळाडू एकाच वेळी, एकाच रीतीने तरबेज होतात.

हा धडा मात्र सर्वांनी घेतला नाही. १९९३ चा ‘मिस्ट’ प्रचंड खपला. ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ तोच होता. त्याचे बेट अविस्मरणीय आहे, पण तिथली बरीच यंत्रे निव्वळ कुलपे आहेत. याच प्रवृत्तीचा कळस १९९९ च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’मध्ये दिसला. मोटरसायकल भाड्याने मिळवण्यासाठी नायकाला एका मित्राचे सोंग घ्यायचे असते. त्यासाठी मांजराचे केस गोळा करून, ते पाकाने चिकटवून खोटी मिशी करायची, आणि त्या मित्राला मुळात मिशीच नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोतही मिशी काढायची! एरिक वोल्पॉ या लेखकाने २००० मध्ये याच कोड्याचे उदाहरण देऊन म्हटले की, हा खेळप्रकार दुसऱ्या कोणी मारला नाही, तो स्वतःच्या हाताने मेला. टीका तिखट होती आणि निदान अचूक. पात्राच्या जगात ज्या कृतीला कारणच नाही, ती खेळाडूने कितीही चिकाटीने केली तरी कथा त्याच्या हातून निसटते.

सात वर्षांनी तोच वोल्पॉ ‘पोर्टल’च्या लेखकांपैकी एक होता. भिंतींवर दोन जोडलेली दारे उघडायची, एवढाच या खेळाचा मूळ नियम. एकामागून एक चाचण्या घेणारी यंत्राची वाणी खेळाडूला हा नियम शिकवते आणि शेवटच्या चाचणीनंतर त्यालाच आगीत ढकलू पाहते. तिथून सुटायला तिनेच शिकवलेली विद्या कामी येते. बंडाची ही कथा कुठल्याही संवादापेक्षा खेळाडूच्या हातातून घडते. २००८ च्या ‘ब्रेड’मध्ये काळ मागे फिरवता येतो आणि शेवटच्या टप्प्यात त्याच सवयीतून सत्य उघडे पडते. जिला सोडवायला आपण निघालो ती राजकन्या आपल्याकडे धावत नव्हती, आपल्यापासून पळत होती. २०१३ च्या ‘ब्रदर्स’मध्ये कंट्रोलरचा एक भाग थोरल्या भावासाठी, दुसरा धाकट्यासाठी. थोरला गेल्यावर, पाण्याला घाबरणाऱ्या धाकट्याला पोहायचे असते, आणि ते जमते ते गेलेल्या भावाचे बटण दाबल्यावरच. शोक आणि वारसा या दोन्ही भावना तिथे एका बोटात येतात.

यानंतर नियमाने निवेदकाचीच जागा घेतली. २०१५ च्या ‘हर स्टोरी’त पोलिसांच्या जुन्या संग्रहातल्या एका स्त्रीच्या जबाबांचे २७१ तुकडे आहेत. शब्द टाइप करून शोधायचे, पण कालक्रमाने पहिले पाचच निकाल दिसतात. त्यामुळे नेहमीच्या शब्दांना सुरुवातीचे जबाब हाती लागतात आणि नंतरचे कबुलीजवळ जाणारे तुकडे नेमका शब्द सुचल्याखेरीज सापडत नाहीत. पाचची ही मर्यादा म्हणजे त्या स्त्रीची लपवाछपवीच. २०१८ च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरच्या साठ जणांचे काय झाले, हे विम्याच्या तपासनिसाने ठरवायचे. तीन जणांची उत्तरे बरोबर आली तरच खेळ ती मान्य करतो. अंदाजपंचे उत्तर टाकायची वाट त्यामुळे अरुंद होते आणि कपडे, बोलीचे वळण, झोपण्याच्या झोळ्यांवरचे आकडे इतक्या बारकाईने पाहणे भाग पडते. साठ नावांची यादी साठ माणसे होते. २०१९ च्या ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सारे पुन्हा सुरू होते. पुढच्या फेरीत सोबत येते ते फक्त कळलेले ज्ञान. कोडे आहे म्हणजे सूर्य वाचवता येईल, असे आपण धरून चालतो. तो नैसर्गिक मरण मरतो आहे हे कळते तेव्हा खेळाने आपली अपेक्षाच कथेचा विषय केलेली असते.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा, की कथेला कोड्यांची गरजच नाही. २०१३ चा ‘गॉन होम’ जवळपास कोड्यांविना एका रिकाम्या घरातून कथा सांगतो. खरे आहे, पण तिथेही घर आपल्या गतीने धुंडाळायचे आणि वस्तू हातात घेऊन अर्थ लावायचा, हा नियम आहेच. कोडे नसणे म्हणजे नियम नसणे नव्हे. दुसरा आक्षेप वजनदार आहे. नियमाने बांधलेल्या कथेत माणसांचे अंतरंग विरळ होते. ओब्रा डिनवरची माणसे आपल्याला मुख्यतः त्यांच्या मृत्यूच्या क्षणी भेटतात; कादंबरी देते ती जवळीक इथे मिळत नाही. ही उणीव मान्य केलीच पाहिजे. पण त्याच्या बदल्यात हा प्रकार पुराव्याची जबाबदारी देतो. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल काहीही ठामपणे म्हणण्याआधी किती पाहावे लागते, याचा अनुभव वाचून क्वचितच येतो. तिसरा आक्षेप व्यवहाराचा. खेळाडू अडला की तो उत्तरे शोधतो आणि कथा तुटते. चांगल्या खेळांनी याचे उत्तरही नियमातच शोधले आहे. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये यानाची नोंदवही कळलेल्या गोष्टी जोडून ठेवते आणि कुठे काही सापडायचे राहिले आहे तेही दाखवते. अडणे पूर्ण टळत नाही, पण ते आंधळे राहत नाही.

२०२३ च्या ‘चँट्स ऑफ सेनार’मध्ये एकाच बुरुजात राहूनही एकमेकांशी बोलू न शकणाऱ्या लोकांच्या लिप्या उलगडायच्या असतात. तिथे कोड्याचे उत्तर आणि कथेचा समेट एकच आहेत. अशा खेळांकडे पाहताना एक कसोटी हाताशी ठेवावी. मुख्य नियम काढून टाकला आणि कथा जशीच्या तशी उरली, तर तो नियम सजावट होता. ‘ब्रेड’मध्ये टप्प्यांच्या आरंभी पुस्तकांतून येणारा मजकूर काढला तरी त्या शेवटाचा घाव तसाच बसेल, काळ मागे फिरवण्याचा नियम काढला तर काहीच उरणार नाही. लेखकाची जागा यामुळे कमी होत नाही, ती बदलते. त्याला संवादांइतक्याच काळजीने नियम लिहावे लागतात, आणि नियम घडवणाऱ्यांसोबत पहिल्या दिवसापासून बसावे लागते.