बैलाचा खांदा



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा मळतो. कोणी या रीतीला खांदेमळणी म्हणतात, कोणी खांदशेकणी. त्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही, हळद आणि तूप लावून खांदा चोळायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. वर्षभराचे कष्ट बैलाच्या खांद्यावर साठतात, हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. पण पोळा होऊन दोन-तीन महिने झाले की ऊसतोडणी सुरू होते. तेव्हा त्या खांद्याचे काय होते, ते आज पाहू या.

आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, साखर कारखान्यांचा जिल्हा. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ सालचा. पुढे ट्रक आले, ट्रॅक्टर आले. तरी जवळपासच्या फडांतला ऊस अजून बैलगाडीने कारखान्यावर जातो. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातली कुटुंबे बैल व कोयता घेऊन घराबाहेर पडतात. मजुरी ठरते टनावर. मग गाडीत चार मोळ्या जास्त चढतात, यात नवल ते काय?

आता गाडीचे गणित पाहा. बैलगाडीला चाके दोनच. ओझे आसाच्या बरोबर वर बसले, तर भार चाकांवर राहतो आणि बैलाने फक्त ओढायचे असते. ओझे पुढे सरकले, की तो भार जुवावाटे मानेवर येतो. मागे जास्त झाले, तर गाडी उलाळ होते आणि गळ्याला फास बसू लागतो. म्हणजे वजन तेच, पण रचण्यात चूक झाली की शिक्षा बैलाला. त्यात एक बैल उंच, एक ठेंगणा असला, किंवा जू खडबडीत असले, तर एकाच जागी घासून खांदा सुजतो. हीच खांदेसूज. सुजलेल्या खांद्यावर पुन्हा जू ठेवले, की जखम होते, ती चिघळते, आणि ऐन हंगामात बैल बसतो. उचल घेऊन बैल आणलेल्या गड्याच्या डोक्यावर मग कर्ज तेवढे राहते.

दुसरी गोष्ट पोटाची. बैल चारा भराभर गिळतो आणि नंतर निवांत बसून रवंथ करतो. त्या रवंथीला दिवसातले सहा ते आठ तास लागतात. तेव्हा बसलेला बैल आळशी नाही, तो आपले जेवण पुरे करतो आहे. त्याला सतत जुंपून ठेवले, तर वैरण पोटात जाऊनही अंगी लागत नाही. तिसरी गोष्ट उन्हाची. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी बैल तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकू लागला, तर समजावे की अंगातली उष्णता बाहेर टाकणे त्याला झेपत नाही. त्या वेळी चाबूक नको, सावली आणि पाणी हवे.

या तिन्ही गोष्टी कायद्यालाही मान्य आहेत. नृत्यकलावती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले, त्या चळवळीतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. मग १९६५ साली ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी नियम आले. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको. विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नको. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. टोचणारी आर वापरायची नाही, आणि काम संपले की बैल सोडायचा. नियम चांगले आहेत. पण कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, तो आजही तेवढाच! एवढ्या दंडाच्या धाकाने कोण सुधारणार?

म्हणून सगळा दोष गाडीवानावर ढकलून चालणार नाही. ज्याचे पोट टनावर आहे, त्याला नुसता दयेचा उपदेश करून काय उपयोग? कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागते. तिथे बैल सोडायला जागा, पाण्याचा हौद आणि सावली असली, रांग लवकर हलली, तर बैलाला त्याचे रवंथीचे तास परत मिळतील. युक्तीनेही पुष्कळ साधते. सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू तंत्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली गाडीच्या पुढच्या बाजूला आधाराचे एक फिरते चाक बसवून दाखवले. मानेवरचा भार त्या चाकाने उचलायचा, असा त्यातला विचार. बैलाचे दुःख नीट पाहिले, म्हणूनच ही युक्ती सुचली.

भारतातच नव्हे, तर बांगलादेश, म्यानमार अशा आशियातल्या इतर देशांतही बैल आणि रेडे अजून गाड्या ओढतात. तिथेही मान तीच आणि जूही तेच.

आपण काय करावे? गाडी भरल्यावर जू हाताने उचलून पाहावे. फार जड लागले, तर ओझे थोडे मागे सारावे. जू गुळगुळीत असावे, जोडी सारख्या उंचीची असावी. संध्याकाळी खांद्यावरून हात फिरवावा. जागा गरम किंवा सुजलेली लागली, तर गार पाण्याची पट्टी ठेवावी, बैल जुंपू नये आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. तोडणीवाल्यांची मुले हंगामात तुमच्या शाळेत येतात. बैल किती तास रवंथ करतो, तो धापा केव्हा टाकतो, हे त्यांना वर्गापुढे सांगू द्या. त्या विषयात ती मुले तुमच्या-माझ्याहून जाणती आहेत. त्यांचे ज्ञान फळ्यावर लिहिले गेले, तर त्यांचाही मान राहील आणि बैलाचाही.

पोळा वर्षातून एकदाच येतो. खांद्यावरून हात फिरवायला मात्र रोजची संध्याकाळ आहे.