गाय गाभडली, तर दैवाला दोष देत बसू नका



सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली, की आपण म्हणतो, "नजर लागली, नाहीतर दुसऱ्या ढोराचं शिंग लागलं." कधी मार लागूनही गाभडते, नाही असे नाही. पण पाचव्या महिन्यानंतर जनावर गाभडले आणि वारही अडकली, तर सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्यावी. दवाखान्यात या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात. गाय, म्हैस, शेळी, सर्वांना तो होतो.

या रोगाचे जंतू गाभण जनावराच्या गर्भाशयात आणि वारेत वाढतात. तिथून ते पोटातल्या वासराला लागतात. वासरू मरून पडते, नाहीतर अशक्त जन्मते. एखादी कालवड वरून धडधाकट दिसते, रक्ततपासणीतही सापडत नाही आणि पहिल्या वेताला रोग बाहेर पडतो. म्हणून बाधित गाईची कालवड पैदाशीला ठेवण्याआधी पशुवैद्यकांचा सल्ला घ्या.

गाभडलेले वासरू, वार आणि अंगावरचा स्राव यांत जंतू खच्चून भरलेले असतात. आपण वार उकिरड्यावर फेकतो, कुत्री ती गावभर ओढतात. मग चारापाण्यातून रोग दुसऱ्या गोठ्यात जातो.

हा रोग माणसालाही होतो. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना माल्टा बेटावरील तापाने मेलेल्या सैनिकांत हा जंतू सापडला. पुढे १९०५ साली कळले, की तो शेळीच्या कच्च्या दुधातून येत होता. आपल्या वऱ्हाडात घरोघरी शेळ्या आहेत, म्हणून हे ध्यानात ठेवा.

माणसाला राहून-राहून ताप येतो, घाम सुटतो, कंबर व सांधे दुखतात. दिवस गेलेल्या बाईला लागण झाली, तर तिचाही गर्भ पडू शकतो आणि क्वचित पोटातल्या बाळालाही रोग लागतो. आपल्याकडे गोठ्याचे काम बहुधा बायाच करतात. तेव्हा गरोदर सुनेला किंवा लेकीला गाभडलेल्या जनावराजवळ मुळीच जाऊ देऊ नका.

मग करावे काय?

१. गाभडलेले जनावर वेगळे बांधा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून रक्त तपासून घ्या.

२. वार उघड्या हाताने ओढू नका. हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा.

३. मेलेले वासरू, वार आणि भिजलेला कडबा-कुटार विहीर-नाल्यापासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जागा फिनाईलने धुवा.

४. दूध उकळूनच प्या. शेळीचे धारोष्ण दूध लेकरांना देऊ नका.

५. रोगी गाय बाजारात विकू नका. आपली पीडा दुसऱ्याच्या गोठ्यात जाते. रोगी वळू गाईंवर सोडू नका.

बाधित जनावराला खात्रीचे औषध नाही, पण रोग येऊ नये म्हणून लस आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला व वगारीला ती जन्मात एकदाच टोचतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारतर्फे दिली जाते. ही लस जिवंत जंतूंची असते, म्हणून गाभण जनावराला आणि गोऱ्ह्याला देत नाहीत. ती पशुवैद्यकांकडूनच टोचून घ्या. वय टळले, की संधी गेली. आजच कालवडीचे महिने मोजा.

घरात कुणाला असा ताप असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा, "आमची गाय गाभडली होती." एवढ्या एका वाक्याने त्यांना तपासणीची दिशा मिळते. औषध निदान सहा आठवडे चालते. ताप उतरला म्हणून मधेच सोडू नका.

गोठ्यातली माय जपली, तर घरातली मायही जपली जाते.